नरकाचा उंदरांनी खाल्लेला कोपरा

मिलिंदच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली 'कॉम्प्युटर आर्टिस्ट' असं छापलेलं होतं. अख्ख्या सांगलीत त्याला तसं म्हणणारा तो एकटाच. बाकी सगळे 'पत्रिकावाला' म्हणत. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग शहाण्णव साली ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवले आणि बसस्टँडामागच्या गाळ्यात कॉम्प्युटर आणला. कला मोठी व्हावी म्हणून आणलेल्या त्या यंत्रावर लग्नपत्रिका निघू लागल्या. चि., चि. सौ. कां., श्री., कै. ही बिरुदं त्याच्या बोटांत इतकी मुरली, की एका लग्नसराईत त्याने नवरदेवाच्या हयात आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावलं. आजोबा स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "लेकरा, एवढी घाई कशापायी?" ही गोष्ट मिलिंद आपणहून सगळ्यांना सांगे. दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगितलेली बरी, एवढं शहाणपण त्याला होतं.

अशा माणसाकडे अठ्ठ्याण्णव साली नरकाचं काम आलं.

कडेगावच्या बाजूला एका गावच्या मठात सव्वाशे वर्षांपूर्वीचं, कापडावर रंगवलेलं चित्र होतं. त्या गावच्या एका कवीला म्हणे तापात नरक दिसला. तापातून उठल्यावर त्याने त्याचे अभंग रचले आणि साताऱ्याहून आणवलेल्या चिताऱ्याने ते कापडावर उतरवले. कवीने पापी शोधायला लांब जायची तसदी घेतली नव्हती. मापात मारणारा वाणी तराजूच्या पारड्यात बसून रडत होता. शेजाऱ्याचा बांध कोरणारा आता दातांनी बांध कोरत होता. निवाडा विकणारे पाटील कढईत होते, फेट्यासकट. खालचा उजवा कोपरा मात्र उंदरांनी खाल्ला होता.

मठाच्या कमिटीचे अध्यक्ष नानासो फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. ते दुकानात आले आणि उभ्यानेच म्हणाले, "आमचा नरक पार फाटलाय. यात्रेच्या आत कॉम्प्युटरवर नवा पायजे. एकदम ओके."

मिलिंदला नाही म्हणता आलं असतं. दर एप्रिलात वस्तीतल्या जयंतीला तो भाषण करी, आणि स्वर्ग-नरक ही सगळी थाप आहे हे त्यातलं टाळ्यांचं वाक्य असे. पण हे गाव म्हणजे त्याच्या आईचं माहेर. लहानपणी सुट्टीला गेला की तो मठाच्या दाराबाहेर उभा राहून आतलं चित्र बघायचा. आत ये असं त्याला कधी कुणी म्हटलं नाही. आता त्याच दारातून आर्टिस्ट म्हणून आत जायचं, या एका मोहापुढे सगळी भाषणं वितळली. हा नरक नव्हे, हेरिटेज आहे, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यात 'मिलिंद आर्ट्स' झकास बसेल, हेही त्याने मनात योजून ठेवलं.

आई, लक्ष्मीबाई, तेवढी फसली नाही. "छप्पन साली आमी नरक सोडून आलो," ती म्हणाली, "आन तू त्यो फ्लॉपीत घालून परत घरात आणलास."

एवढी मोठी फाइल फ्लॉपीत मावत नाही, असं मिलिंदने तिला समजावलं.

"मंग तर लयच झालं," ती म्हणाली.

चित्र मठाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून त्याने तुकड्यातुकड्याने फोटो काढले, ते स्कॅन केले आणि स्क्रीनवर जोडायला बसला. यंत्र तासातासाला हँग होई. एकदा वाण्याच्या धडावर यमाच्या रेड्याचं तोंड बसलं, आणि ते दोन दिवस आर्टिस्टच्या लक्षात आलं नाही. तरी हळूहळू नरक चकचकीत झाला. राहिला फक्त कोपरा. तिथे कोण पापी होता हे अभंगात असणार, पण अभंगांची वही कुणाकडेच नव्हती. नानासोंच्या म्हाताऱ्या आईला, बनुबाईंना, ते सगळे पाठ होते.

बनुबाईंनी आधी विचारलं, "कुणाचा रं तू?"

"हितल्याच लक्ष्मीबाईचा."

म्हातारी गाऊ लागली. वाणी झाला, बांध झाला, पाटील झाले. शेवटच्या अभंगाशी येऊन ती थांबली, मिलिंदकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्होरचं आठवत न्हाई."

वय झालं बिचारीचं, असं मिलिंदला वाटलं. घरी येऊन त्याने म्हातारीची नक्कलसुद्धा करून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं,

"ओलांडी पायरी, बाटवी जो पाणी ।
त्याच्या शिरी वन्ही, घागरीत ॥"

मिलिंदची नक्कल तिथेच थांबली.

"माझ्या आज्ज्याचा बा त्यो," आई म्हणाली. "त्यानं गावच्या हिरीची पायरी उतरून घागर भरली. कवीनं त्याला नरकात घातला, डोईवर इस्तवाची घागर देऊन. यात्रंला त्ये गायचे, आमी भाईर उभं राहून ऐकायचो."

मिलिंदला भयंकर राग आला. त्यातला निम्मा स्वतःवरच होता. ज्या चित्राला तो चार आठवडे रंग चढवत होता, त्यात त्याच्याच घरचा माणूस जळत होता. काम परत करावं, तर गाव दुसऱ्याकडून कोपरा भरून घेणार. रागाच्या भरात त्याने कोपऱ्यात नानासोंचा मिशीसकट चेहरा बसवला, त्यांच्या डोक्यावर पेटती घागर दिली आणि एकटाच पोट धरून हसला. मग पुसून टाकला. आपलं शौर्य स्क्रीन बंद केली की संपतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग तो चित्राकडे नुसता बघत बसला, तेव्हा दिसलं की नरकात प्रत्येकाचं तोंड उघडं आहे. सगळे तहानलेले. त्याने कोपऱ्यात एक ताठ माणूस काढला, माउसने, एकेका बोटाला तास घालवत. डोक्यावर घागर दिली, पण आत विस्तव घातला नाही. पाणी भरलं, काठोकाठ. वाणी, पाटील, बांधकोऱ्या, सगळ्यांचे हात त्याने त्या घागरीकडे वळवले. 'मिलिंद आर्ट्स'ला जागा उरली नाही.

मठात प्रिंट दाखवायला जाताना त्याने भाषण पाठ केलं होतं. त्यात राज्यघटना तीनदा येत होती. परतीच्या एसटीची वेळही बघून ठेवली होती, पळायला बरी. नानासोंनी चष्मा लावला, कोपऱ्याशी वाकले आणि म्हणाले, "वा गड्या, पाणपोई! चैताच्या उन्हात लय शोभंल. खाली आमच्या वडलांचं नाव टाक. कै. ज्योतिबा यांच्या स्मरणार्थ."

मिलिंदची राज्यघटना घशातच राहिली. त्याच्या क्रांतीला पाच मिनिटांत देणगीदार मिळाला होता.

"पाणपोई न्हवं ती," भिंतीला टेकून बसलेल्या बनुबाई म्हणाल्या. "त्या घागरीत इस्तू असतोय. मला समदं आठवतंय. त्या दिशी ह्या पोराम्होरं म्हणाया लाज वाटली."

म्हातारी लेकाकडे वळली. "आन नाना, तुझ्या बानं हिरीला कुलूप घातलं हुतं. त्यांचं नाव पाण्याला कसं शोभंल? ज्याची घागर, त्याचं नाव टाका."

दोन लढायांत मागे न हटलेल्या सुभेदारांनी आईकडे बघितलं, मग चित्राकडे. "टाक," ते मिलिंदला म्हणाले. "पर अक्षर बारीक ठिव."

"नाव काय रं त्याचं?" बनुबाईंनी विचारलं.

भाषणात शंभर नावं घडाघडा म्हणणाऱ्या मिलिंदला ते एक माहीत नव्हतं. "आईला विचारून सांगतो," तो म्हणाला. शाळकरी पोरासारखा वाटला तो स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला गाळ्यात आणून कॉम्प्युटरपुढे बसवलं. "यल्लाप्पा," ती म्हणाली. त्याने नाव टाइप केलं, अक्षर बारीक ठेवून. बोटांनी सवयीने आधी 'कै.' लावलंच होतं. ते त्याने खोडलं. आपल्या बौद्धांच्या पत्रिकांत गेलेल्या माणसाला 'कालकथित' लिहितात, पण यल्लाप्पा तर धम्म यायच्या कितीतरी आधी गेलेला.

"आई, नावाआधी काय लावू?"

"श्री लाव."

"अगं, मेलेल्या माणसाला श्री लावत नाहीत."

"जित्तेपणी कुणी लावला न्हाई," आई म्हणाली. "आता लाव."

मिलिंदने लावला. नावाआधी चुकीचं बिरुद लावायची ही त्याची दुसरी खेप. या खेपेला दुरुस्त करायला दुकानात कोणी आलं नाही.