त्यांना बोलता येत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हाही हे तेवढं गाळून बाकी सगळं सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि माझ्या बाबांचा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही — हे त्याहून सोयीचं.

सुरुवात कुठून करू? सायकलवरून करते. सायकल सोपी आहे.

आमचं गाव शेलार, भिवंडीला चिकटलेलं. बाबा भिवंडीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा चालू करून देणारा माणूस. ड्युटीला जायचे सायकलवरून. कंटेनर, टेम्पो, रिक्षा आणि खड्डे यांच्या मधून ते अशी सायकल काढायचे की आई म्हणायची, यमालासुद्धा यांच्या मागे धावताना दम लागेल. रविवारी सायकल पुसणं, चेनला तेल घालणं हीच त्यांची करमणूक.

तुम्ही कधी लूमच्या शेडमध्ये गेलाय का? आत गेलं की बाजूला उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात आणि ओठ वाचतात. अंगठा तोंडाशी नेला की चहा. दोन बोटं एकमेकांपासून ओढली की सुताची तार तुटली. तळहात खाली दाबला की लूम बंद कर. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मीही हे शिकले. समोरच्या भिंतीपाशी उभं राहून कोण काय बोललं ते बाबांना बरोबर कळायचं, मग ती शिवी असली तरी.

आणि हातांनी भागत नाही तेव्हा ही माणसं ओरडतात. ती सवय घरी येते. वयाबरोबर बाबांचे कान गेले आणि आवाज चढत गेला. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की शेजारची काकू वाटी घेऊन दारात यायची. आम्ही हसायचो. तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती, हे नक्की. मग कधीपासून वाटायला लागली?

मानकोलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हापासून, असं मला वाटतं. काचेच्या खोल्या, थंडगार हवा, सगळे हळू बोलणारे. मीही हळू बोलायला शिकले. तिथे मला कुणी शेलारची म्हणून ओळखू नये यासाठी मी जी धडपड केली, तिच्या निम्मी जरी कामात केली असती तरी आज मॅनेजर असते.

तर ऑफिसची सहल निघाली. पैठणला. सातवाहनांची जुनी राजधानी, गोदावरीच्या काठाने सायकलवरून निवांत फेरी, सोबत गाईड, आणि घरचं एक माणूस आणायची मुभा. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. आईला सायकल येत नाही. बाबांना विचारलं तर त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. सायकली तिथे मिळणार आहेत असं दहादा सांगूनही त्यांनी पिशवीत पाना आणि पंप घेतलाच.

बाकीची मंडळी आपापल्या गाड्यांनी आली, आम्ही दोघं एसटीने. पहाटे पैठणच्या अलीकडे खिडकीतून नाथसागराचं पाणी दिसलं आणि बाबा गरजले, "एवढं पानी! आपली कामवारी नदी पन अशीच भरून वाहायची गं. मी पवलोय तिच्यात." अख्खी एसटी जागी झाली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. पाण्याकडे मी बघितलंच नाही. आता दिवसभर हे असंच चालणार — एवढंच डोक्यात.

ठरल्या जागी पोचलो. सायकली ओळीत लावलेल्या. बाबा सरळ तिकडे गेले, खाली बसून एकेक टायर दाबून बघायला लागले. माझ्या टेबलाशेजारी बसणारी स्नेहल आली. चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने बाबांना नमस्कार केला. त्यांची पाठ होती, त्यांना कळलं नाही. तिने मला विचारलं, "काकांना ऐकू येत नाही का गं?"

कमी येतं, असं म्हणाले असते तर खरं झालं असतं. पण मग सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलले असते, आणि त्यांनी त्याहून मोठ्याने उत्तरं दिली असती. हा हिशोब मी केला का? केला. क्षणभरात केला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणून सुटता येईल, पण जीभ मी विचार करून उचलली होती.

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. ऑफिसात शिकले होते तसं.

वर बघितलं तर बाबा वळलेले. हातात पंप. नजर माझ्या ओठांवर.

कुणाला फसवायला निघाले होते मी? माणसांचे ओठ वाचत ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्यासमोर हळू बोलून लपवणार होते? ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिथल्या तिथे ओरडून माझी अब्रू काढली असती तर आज हे सांगायची वेळ आली नसती. त्यांनी फक्त हात वर केला आणि तळहात खाली दाबला. लूम बंद.

त्यानंतर दिवसभर ते बोलले नाहीत.

आम्ही जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांमधून गेलो, नाथांच्या देवळावरून नदीकडे. गाईड थांबून थांबून राजांची नावं सांगत होता. सगळे बाबांशी फार प्रेमाने वागले. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी सायकल धरली. बाबा हसून मान हलवायचे. टपरीवर त्यांनी अंगठा तोंडाशी नेला आणि चहावाल्याला ते कळलंही. स्नेहल मला म्हणाली, किती गोड आहेत तुझे बाबा. मला — खरं सांगते — हायसं वाटत होतं. वाटत होतं, बरं झालं.

एका पैठणी विणणाऱ्या घरात नेलं. हातमाग. बाई शांतपणे धोटा इकडून तिकडे टाकत होती, इतकी शांतता की बाहेरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. बाबा मागासमोर उभे राहिले ते हलेनात. मग त्यांनी मला शोधलं आणि हात वर करून काहीतरी सांगायला लागले. कानाकडे बोट, मग मागाकडे बोट, मग पुन्हा कानाकडे. ऑफिसातले बघत होते. मी मान फिरवून साड्यांची किंमत विचारायला लागले. त्यांना काय सांगायचं होतं? मी नंतरही विचारलं नाही.

आणि मग घाट. नागघाटाकडे उतरताना रस्त्यावर वाळू होती. बाबा माझ्या पुढे होते. चाक घसरलं आणि ते दगडावर आडवे पडले. गुडघा फुटला, कोपर सोललं. तुम्ही पडलात तर काय करता? आई गं म्हणता. कुणीही म्हणतं, ते काही ठरवून म्हणत नाही. बाबांनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं, पण घशातून आवाज येऊ दिला नाही. आमच्या मॅनेजरच्या बायको हळहळल्या, बिचाऱ्यांना ओरडतासुद्धा येत नाही. मी रुमालाने रक्त पुसत होते. तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला सगळे होते, एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरा रुमाल मागितला.

घरी आल्यावर आईने विचारलं, कशी झाली सहल? बाबा पूर्वीसारखेच गरजले, "लय भारी. नदी मोठी हाय." गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, माझाच ब्रेक चुकला. मला त्यांनी कधी एका शब्दाने टोचलं नाही. फक्त ऑफिसचं कुणी घरी आलं की हात जोडायचे आणि गप्प बसायचे. माझ्या लग्नात ऑफिसच्या टेबलाशी येऊन त्यांनी खुणेनेच वाढा-वाढा केलं. मी शेजारी उभी होते, नटूनथटून.

गेल्या वर्षी बाबा गेले.

भेटायला माणसं येत होती. एका दुपारी स्नेहल आली, माझ्याजवळ बसली. समोर आईपाशी इस्माईलचाचा होते, बाबांच्या शेडमधले जुने कारीगर. ते आईला सांगत होते, "भाऊकी आवाज तो भाभी, लूम चालू रहते तब भी सुनाई देती थी. एक बार क्या हुआ —" आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

स्नेहलने गोंधळून माझ्या कानाशी विचारलं, हे कुणाबद्दल बोलतायत?

बाबा आता नव्हते. कुणाच्या आवाजाची लाज वाटायची उरली होती? तरी मी हळूच म्हणाले, "शेडमधल्या दुसऱ्या कुणाबद्दल."

म्हणताना समोर लक्ष गेलं. इस्माईलचाचा माझ्या ओठांकडे बघत होते.

ते थांबले. आई वाट बघत राहिली. मग तिनेच विचारलं, काय झालं होतं एकदा? चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "कुछ नहीं भाभी. भूल गया मैं."

आई अजून कधीतरी म्हणते, चाचा काहीतरी सांगत होते बघ त्यांच्या आवाजाचं, ते राहूनच गेलं.