तिठ्यावरची हाक

ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज गेला. तो परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवसांत, ते मी विचारलं नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. फाइल छातीशी धरून मी नुसती मान हलवली आणि मग मलाच लाज वाटली. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ह्यांना तेवढंही करता येत नव्हतं.

मानेचा मणका नसेवर दाबत होता. वर्षभर उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, पण वाडीतलं काम कुणासाठी थांबत नाही. एक दिवस केळीचा घड उतरवताना ह्यांच्या हातातला कोयता पडला आणि ह्यांना ते कळलंच नाही. रिकामी मूठ ते केळीच्या दांड्यावर मारत राहिले. चार-पाच वेळा. मी पाटाजवळ उभी राहून बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण आवाज फुटला नाही.

गळ्याच्या पुढून चीर देऊन ऑपरेशन झालं. आत पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी आणलं तेव्हा गळ्याभोवती हनुवटीपर्यंत पट्टा होता, तीन महिन्यांसाठी. उठवताना आधी कुशीवर घ्यायचं, मग पाय खाली सोडायचे, मग माझ्या खांद्याला धरून उभं करायचं. मान वाकवायची नाही, वळवायची नाही. दिवसभर ते ओटीवर खुर्चीत असत, तोंड वाडीकडे, दार पाठीमागे.

बोलायचे ते कुजबुजल्यासारखं. स्वयंपाकघरात मला ते केळीच्या पानांच्या आवाजासारखंच ऐकू यायचं. हाक ऐकून मी बाहेर धावायची, तर ते म्हणायचे, “मी कुठं बोलावलं?” असं दिवसातून दोन-तीनदा होई. मग कोण बोलावत होतं, हे मी स्वतःला विचारत नसे.

हातात जोर येण्यासाठी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. ह्यांना त्याचा कंटाळा आला. मग मी सकाळी भाकरीसाठी तांदळाच्या उकडीचा गोळा मळला की थोडा निववून ह्यांच्या हातात द्यायची. ते दाबत. अंगठ्याचा ठसा किती खोल गेला ते बघून मी भाकरी थापायला घेई. पहिला महिना ठसा उमटलाच नाही.

अशात नालासोपाऱ्याहून नणंद आल्या. ह्यांच्याहून मोठ्या, बोलायला फटकळ. भावाला तसं पुतळ्यासारखं बसलेलं बघून रडल्या आणि लगेच पदर खोचला.

“डॉक्टरचं डॉक्टर करतील. उतारा काढलास का?”

“नाही, वन्सं.”

“मग केलंस काय महिनाभर?”

त्या दिवशी अवस होती. बाराच्या सुमाराला त्यांनी केळीच्या पानावर दहीभात, एक अंडं आणि लिंबू मांडलं, वर कुंकू टाकलं आणि ह्यांच्यावरून सात वेळा ओवाळलं. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून तिठ्यावर ठेवायला मला जायचं होतं.

“जाताना बोलायचं नाही. येताना मागं बघायचं नाही, कुणी हाक मारली तरी. पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस.” मग म्हणाल्या, “बोलण्याची काळजी नाही म्हणा. तुझ्या तोंडाला जन्मापासून कुलूप आहे.”

ह्यांचे डोळे हसले. मान तशीच.

तिठा आमच्या वाडीच्या पलीकडे, तीन वाटा मिळतात तिथं, जुन्या विहिरीजवळ. भर दुपारी तिथं माणूस नसतं. वारा पडला होता. मी पान ठेवलं आणि वळले. वीस-पंचवीस पावलं आले असेन.

“अगो ए!”

ह्यांचा आवाज. कुजबुज नाही, भरलेला, पूर्वीचा. पंपाजवळून चहासाठी मारायचे तशी हाक. मी मागं बघितलं. विचार करायला वेळच नव्हता. तीस वर्षं त्या हाकेला मी वळत आले आहे.

रस्ता रिकामा होता. पान ठेवलं तसंच होतं, कावळाही आला नव्हता.

मी जवळजवळ पळतच घरी आले. मागच्या नळावर पाय धुतले, दोनदा धुतले, आणि घरातून ओटीच्या दारात आले. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. पुटपुटल्यासारखं म्हणाले, “तुझ्याबरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही.”

“दोघांची पावलं वाजली.”

मी वन्संना काही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

त्यानंतर हातात जोर येऊ लागला. आठवड्याभरात उकडीवर अंगठ्याचा ठसा दिसला, मग बोटांचे. वन्सं फोनवर म्हणाल्या, “बघ, उतरलं की नाही?” मी हूं म्हटलं. तिठ्यावर मी मागं बघितलं होतं, ते मला एकटीला माहीत होतं. ह्यांना सारखं वाटायचं की दारात, पाठीमागे, कुणीतरी उभं आहे. “बस म्हणावं त्याला,” असं एकदा म्हणाले. थट्टाच असावी. मी हसले नाही.

तीन महिन्यांनी पट्टा निघाला. मणक्याचा फोटो चांगला आला होता. पूर्वीएवढी नाही, पण मान बरीच वळेल, असं डॉक्टर म्हणाले. मात्र आता वळवली नाही तर कायमची आखडेल. व्यायामाला गोखिवऱ्याहून एक मुलगी स्कूटीवरून यायची.

“काका, इकडे बघा ना माझ्याकडे. इतकी वाईट दिसते का मी?”

हे खुर्चीसकट अख्खे वळायचे आणि बघायचे.

“चीटिंग नाही! नुसती मान.”

मान वळत नव्हती. दुखते म्हणत नव्हते. मुलगी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकी, हाड ठीक आहे. ते घाबरतात कशाला तरी. महिनाभरात सुरू झालं नाही तर अवघड आहे.”

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी ह्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हाक, मागं बघणं, सगळं.

“म्हणून मी वळत नाही,” हळूच म्हणाले. “वळलो आणि खरंच कुणी दिसलं तर?”

तेव्हा मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी भाकऱ्या झाल्या की मी त्या जागेवर जाऊन उभी राहू लागले. ह्यांच्या पाठीमागे, दाराच्या जरा उजवीकडे, ते म्हणायचे तिथंच. जागा गार होती. अंगावर ऊन येत असूनही गार. तिथून हाक मारायची. आयुष्यात मी ह्यांना मोठ्यानं हाक मारली नव्हती, बांगड्या वाजवायच्या किंवा खाकरायचं. पहिल्या दिवशी आधी सवयीनं खाकरलेच, मग हाक मारली.

“अहो, इकडे.”

पहिले दोन-तीन दिवस नुसते डोळे वळले. मग मान तुळशीपर्यंत आली. तिथंच आठवडा गेला. मग ओटीच्या खांबापर्यंत. मुलगी म्हणाली, “काकी, तुम्ही काय जादू केली?” मी पदरानं तोंड पुसलं.

महिना भरायला दोन दिवस होते. मी हाक मारली. मान तुळशीवरून खांबावर आली, थांबली, थोडी थरथरली आणि पुढे आली. ह्यांचा चेहरा मला दिसला, खांद्यावरून वळलेला, चार महिन्यांनी.

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागे, कुठंतरी बघत होते. ओठ हलले. मला वाटलं, कुजबुजतील.

“अगो ए!”

भरलेला आवाज. ओटीवरून वाडीत गेला. तिठ्यावर ऐकलेली हाक हीच होती, तेवढीच लांब, शेवटी तशीच चढलेली.

माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं झालं. मी ह्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले आणि म्हटलं, “आले हो.” पावलं मोजून टाकली, खुर्चीपर्यंत आले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी माझी बोटं दाबली, दुखतील इतकी.

मागं मात्र मी बघितलं नाही.