सूडकाकांच्या पिक्चरचा शेवट

सूडकाका गाडी चालवताना कधी हॉर्न वाजवत नसत, पण रोज एक माणूस मारत. दोह्यात तुमच्या बाबांच्या कंपनीचे हे ड्रायव्हर तुम्हा नातवंडांना अल सद्दच्या घरून शाळेत सोडताना एकच पिक्चर सांगायचे; सोबत मीही असे. कुठलासा तुर्की-इटालियन सूडपट. खलनायक नायकाच्या भावाला मारतो आणि नायक त्याच्या टोळीतल्या एकेकाला शोधून संपवतो. "पैसं कमी पडल्यालं, आज्जी," ते मला सांगत. "एकच गाडी दोनदा उडवली. रंग तेवढा बदलला."

त्यांची सीडी शेवटाआधीच अडकायची. म्हणून खलनायकाचं मरण ते रोज नवं रचत: कधी विहिरीत, कधी विमानातून, एकदा तर उकळत्या तेलात. तुम्ही ओरडायचात, "वन मोअर, काका!"

"खलास! शाळा आली."

त्यांचा धाकटा भाऊ वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर परांची बांधायचा. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम असूनही फोरमननं त्याला वर चढवलं. तो पडला, कंबर मोडली, हॉस्पिटलात दाखल झाला. नंतर आठवडाभर गाडीत गोष्ट नव्हती. गुरुवारी तुम्ही हट्ट धरलात तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेवट उद्या करून येतो." उतरताना मला त्यांच्या सीटखाली जॅकचा लोखंडी दांडा दिसला. तो नेहमी डिकीत असे.

शुक्रवारी सकाळी ते निघण्याआधीच मी जाऊन गाडीत बसले.

"आज सुट्टी हाय, आज्जी. उतरा."

"उतरत नाही. तुम्ही जाल तिथं मी येणार."

सिग्नलला सरळ रस्ता इंडस्ट्रियल एरियाकडे, फोरमनच्या कॅम्पकडे जात होता, उजवा हॉस्पिटलकडे. हिरवा दिवा लागला तरी ते हलेनात. मागचे हॉर्न वाजत होते.

"मांडीवर डबा कसला हाय, आज्जी?"

"तुमच्या भावासाठी मऊ भात. निवतोय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पिक्चरमधला भाऊ पयल्या धा मिनिटांत मेला, आज्जी. त्याला भरवायचं न्हवतं कुणाला." आणि गाडी उजवीकडे वळवली.

फोरमनविरुद्धचा अर्ज मी इंग्रजीत टाइप करून दिला. पुढे काय झालं ते आम्हाला कुणीच कळवलं नाही. सूडकाका भावाला व्हीलचेअरवरून गावी घेऊन गेले. निघताना सीडी माझ्या हातात ठेवली.

"पोरांनी शेवट विचारला तर काय सांगू?"

"तुमी व्हता की गाडीत."

तेव्हा तुम्ही लहान होतात. तो शेवट आज सांगितला.