मागचं तेवढं काढून टाका

आमच्या गावाचे जुने फोटो गोळा करायला निघालेल्या माणसानं रक्तदाबाची गोळी बरोबर ठेवावी. गाव म्हणते, कारण शहराचं जुनं-नवं कुठलंही नाव घेतलं की समोरच्याची भुवई वर जाते, अर्धा तास नावावरच जातो आणि फोटो राहतो बाजूला. शाळेतून निवृत्त झाले आणि हा उद्योग मी आपण होऊन अंगावर घेतला. स्कॅनर जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. घरचे मांडीवर ताट घेऊन जेवतात आणि मला टोमणे मारतात.

लोक वाईट नाहीत हो. चहा पाजतात, पोहे खाऊ घालतात, अल्बम काढून देतात. पण फोटोत गावच नसतं! घरात माणूस गेलं की दहाव्या-तेराव्याला फ्रेम लागते. एकट्याचा फोटो कुणाकडंच नसतो. मग कुठल्या तरी लग्नातला, निरोप समारंभातला घोळक्याचा फोटो शोधायचा, स्टुडिओत न्यायचा आणि सांगायचं, एवढं माणूस घ्या, मागचं तेवढं काढून टाका. या मागच्यात काय काय गेलं म्हणून सांगू? वेशीचे दरवाजे गेले, टांगे गेले, उर्दू-मराठी पाट्या गेल्या, जाता-येता थबकलेली माणसं गेली. त्यांच्या जागी ढग येतात, नाहीतर धबधबा. दौलताबादचा किल्ला उडवून तिथं बर्फाचे डोंगर लावलेला फोटो मी या डोळ्यांनी पाहिलाय. ती मंडळी सहलीला किल्ल्यावरच गेली होती! मी बोलले तर म्हणाले, किल्ला काय, कधीही जाऊन बघता येतो.

दप्तरात तरी काही असंल म्हणून एका कचेरीत खेटे घातले. औरंगपुऱ्यामागची एक गल्ली रस्ता रुंदीकरणात गेली, तिची फाइल मला पाहिजे होती. आज साहेब नाहीत, उद्या चावी नाही, परवा माणूस लग्नाला. शेवटी फाइल मिळाली. कुणाचा ओटा किती फूट कापला ते सगळं तिच्यात व्यवस्थित लिहिलेलं. फोटो एक नाही. ओटा कसा होता आणि त्यावर कोण बसायचं, हे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्यातल्या एका ओट्यावर कोण बसायचं ते मला माहीत होतं, म्हणून तर माझा जीव टांगणीला लागला होता. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली म्हातारे टेलरचाचा बसतात. माझे ब्लाउज वर्षानुवर्षं तेच शिवतात आणि प्रत्येक वेळी बाही घट्ट करून ठेवतात, ते असो. त्यांच्या वडिलांचं शिवणाचं दुकान त्या गल्लीत होतं. वडील गेले तेव्हा चाचा पाळण्यात. घरात फोटो काढायचं वळण नव्हतं, त्यामुळं आपला बाप दिसायला कसा होता हे या माणसाला ठाऊकच नाही. आई सांगायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर मशीनवर बसलेले असायचे. मी जुने फोटो जमवते हे कळल्यावर चाचा मला म्हणाले होते, "बाई, त्या गल्लीचा एखादा फोटो सापडला ना, तर अब्बा त्यात असणारच. ते जातील कुठं?"

एवढा साधा हिशोब. तेव्हापासून मी त्या गल्लीत राहिलेल्या एकेका घराचा पिच्छा पुरवला. कुणी पुण्याला गेलेलं, कुणी करमाडला शेतावर, कुणी फोनच उचलत नाही. बहुतेकांकडं ढगातली माणसं. अखेर बायपासकडं राहणारे एक गृहस्थ सापडले. त्यांचे वडील तरुणपणी त्या गल्लीत भाड्यानं राहत होते. गृहस्थ फोनवर म्हणाले, आहे एक फोटो, वडिलांना नोकरी लागली तेव्हा दोस्तांनी काढलेला, पण त्यात काही नाही, मागं शिंप्याचं दुकान दिसतं फक्त.

म्हटलं, आत्ता येते. तर म्हणे आत्ता नको, अल्बम माळ्यावर आहे, दिवाळीत सफाई काढू तेव्हा बघू. म्हटलं, मी चढते माळ्यावर. ते हसले. म्हटलं, मोबाइलवर तरी एक फोटो काढून पाठवा. हो हो, पाठवतो. दर रविवारी मी आठवण करायची आणि दर रविवारी त्यांचा हात जोडलेला इमोजी यायचा. दिवाळी झाली. माळा काही झाडला गेला नाही.

मग त्यांचे नव्वदी गाठलेले वडीलच गेले. आता दुखवट्याच्या घरात फोटो मागायला कुठल्या तोंडानं जाणार? तेरावा होईपर्यंत मी दम धरला आणि मग गेले. सूनबाईंनी पाणी दिलं. समोर भिंतीवर फ्रेम. पांढरा शर्ट, तरणाबांड माणूस, एक हात कमरेवर. चंदनाचा हार. आणि मागं निळं आभाळ, ढग!

मूळ फोटो कुठाय, विचारलं. फोनवर बोलायचा तो मुलगा म्हणाला, स्टुडिओवाल्यानं अल्बममधून ओढून काढताना फाटला. फाटका फोटो, त्यात वडील गेलेले, घरात कसा ठेवायचा? अस्थी घेऊन पैठणला गेलो तेव्हा तोही गंगेत सोडला. हे सगळं तो इतक्या समाधानानं सांगत होता की मला ओरडताही येईना. कुणी वाईट केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. यानं तर बापाचं सगळं रीतसर केलं होतं!

तशीच रिक्षा करून स्टुडिओत गेले. तिथला पोरगेला माणूस म्हणाला, मॅडम, काम झालं की आम्ही स्कॅन उडवून टाकतो, मेमरी फुल होते. वर मला विचारतो, तुमचा काढायचाय का एखादा चांगला? मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

चाचांना सांगणं भाग होतं. जिन्याखाली जाऊन सगळं सांगितलं. ते टाचणी तोंडात धरून ऐकत होते. टाचणी काढून म्हणाले, ते घर मला दाखवाल का? म्हटलं, चाचा, तिथं आता काही राहिलं नाही, नुसते त्यांचे वडील आहेत. तर म्हणाले, असू द्या, ते तरी अब्बांसमोर उभे होते ना.

गेलो दोघं. चाचांनी आधी मुलाशी चार शब्द बोलून घेतले, वडील कशानं गेले, आई कशा आहेत. मग फ्रेमपाशी गेले. चष्मा वर सरकवून, खाली सरकवून बघत राहिले. आणि मुलाला म्हणाले, हा हार जरा बाजूला करता का?

हाराखाली त्या माणसाचं कोपर होतं. कमरेवर हात ठेवला की कोपर आणि अंग यांच्यात जी फट राहते, ती स्टुडिओवाला पुसायची विसरला होता. बाकी सगळीकडं आभाळ, आणि त्या फटीत तेवढी गल्ली. धूसर, मळकट. मी त्या दिवशी इतका वेळ त्या फोटोकडं बघत बसले होते, पण हारामुळं मला ती दिसली नव्हती. मुलगा ओशाळून म्हणाला, राहिलंय ते जरा, त्याला सांगितलंय, उद्या नेऊन साफ करून आणतो. मी जवळजवळ किंचाळलेच, हात लावायचा नाही म्हटलं. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

फटीत शिलाई मशीनचं चाक होतं. चाकावर एक हात. मनगटापर्यंतच.

चाचांनी आपला उजवा हात उचलला आणि हवेतल्या हवेत तसा ठेवून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. मुलानं खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. मुलाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिथंच फोन लावला आणि स्टुडिओवाल्याला सांगितलं की फोटोला काही करायचं नाही, आहे तसाच राहू दे. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात तो फाटका फोटो पैठणच्या पाण्यात फिरत होता, आणि संतापानं माझे कान तापले होते.

"बाई," चाचा म्हणाले, "मशीन चालू करायला बोटं लागतात. हा पूर्ण पंजा ठेवलाय. असा पंजा ठेवून मशीन थांबवतात."

म्हटलं, मग?

"मग काय? ही पोरं फोटोला उभी राहिली म्हणून अब्बांनी काम थांबवलं." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, कोपरापासून सरळ वर नेलं आणि खांद्याच्या वर, निळ्या रंगावर थांबवलं. "मान वर केली असणार. इथून इकडंच बघत होते."