टिपकागदावरचा थेंब

आमच्या रक्त तपासणीच्या खोलीत टिपकागदाच्या मावशी होत्या. रक्त काढलं की एक थेंब टिपकागदावर टाकायचा, कागद हवेत हलवायचा आणि रंग निरखायचा, ही त्यांची तीस वर्षांची खोड. नवं यंत्र आलं तेव्हा मी म्हणालो, "मावशी, आता कागदाला सुट्टी द्या."

"डॉक्टर, यंत्र विचाराल तेवढंच सांगतं."

मी हसलो. डॉक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं, शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

त्याच आठवड्यात एक म्हातारे शिंपी आले. ओठ निळे, नखं निळी. ऑक्सिजन लावला, तरी बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशीच्या पुढे सरकेना. छाती साफ, हृदय ठणठणीत. माझी तर मतीच गुंग झाली. सोबत आलेल्या त्यांच्या बायको, आजी, त्यांचे पाय चोळत बसल्या होत्या.

मावशी कागद घेऊन आल्या. त्यावर दोन थेंब होते. त्यांचा स्वतःचा लालभडक, शिंपीबुवांचा चॉकलेटी. "हवा लागूनही लाल होत नाही. ऑक्सिजन पोचतोय, पण रक्ताला तो उचलताच येत नाहीये. कुठलंतरी औषध नडलंय."

"कातडीच्या गोळ्या तेवढ्या घेतात," आजी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून रिकामी पाकिटं काढली, दोऱ्यात ओवलेली. शिंप्याच्या घरात चिंधीसुद्धा फेकत नाहीत. मावशींनी पाकिटं मोजली, गोळ्या कधी आणल्या ते विचारलं. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या होत्या.

"रोज एकच सांगितली होती," आजी म्हणाल्या. "मीच दोन दिल्या. लवकर बरे व्हावेत म्हणून."

मोठ्या तपासणीतही तेच निघालं. गोळ्या बंद केल्या, शिरेतून निळं औषध दिलं. निळ्यावर निळाच उतारा! मावशी दर थोड्या वेळाने नवा थेंब घेऊन आजींना दाखवत होत्या. चौथा थेंब लाल उमटला. आजींनी तो कागद हातातून सोडलाच नाही. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी शिंपीबुवांनी डोळे उघडले. "अगं, माझी गोळी राहिली."

"नाही द्यायची आता," आजी रडत म्हणाल्या. "माझंच चुकलं हो."

ते माझ्याकडे वळले. "डॉक्टर, ऐकलंत ना? पन्नास वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंय."

आणि त्यांनी आजींचा हात छातीवर ओढून घेतला.