कुशीवर वळवायला दोघं लागतात

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा भोईवाड्यातून निघाला की आमच्या वृद्धाश्रमातली एक आजी अंथरुणातूनच ‘झालाच पाहिजे!’ म्हणून ओरडायची. काय खणखणीत आवाज! पण स्वतःसाठी घोटभर पाणी मागेल तर शपथ. मूळची मालवणकडची, उमेद गिरणीत गेलेली, आता कमरेखालचं अंग लुळं. मी तिथे नर्स होते आणि तिच्या या न मागण्याचा मला भयंकर राग यायचा.

पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तिला सारखं कुशीवर वळवायला हवं, हे मला कळत होतं. पण आजी अंगानं थोराड आणि मी ही अशी काडी. एकटीला जमेना. मग आश्रमाची व्यवस्था सुधारावी म्हणून सरकारनं अनुदान दिलं, त्यातून एक आया आली. आम्ही दोघी मिळून आजीला वळवायला लागलो. जखमा भरल्या. आजी पोटभर जेवायला लागली, आयाच्या नवऱ्यावरून तिची थट्टा करायला लागली. ती आया मला सख्ख्या बहिणीसारखी झाली.

वर्षभरानं सरकारी साहेब पाहणीला आले. खर्चाचं चीज झालं का, अनुदान पुढे चालू ठेवायचं का, ते त्यांना ठरवायचं होतं. आणि आमच्या म्हाताऱ्या! पाहुणे येणार म्हणून अंबाडे घालून, ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या. साहेब काहीही विचारोत, उत्तर एकच : ‘सगळं छान आहे हो, काही कमी नाही.’ पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नसतं ना! गुडघे धरून कण्हणारीसुद्धा हसत होती. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

‘सगळ्या ठणठणीत आहेत की,’ साहेब म्हणाले. ‘मग आता आया कशाला?’

माझं डोकंच सणकलं. ‘अहो, ती आहे म्हणून ठणठणीत आहेत!’

ते नुसते हसले आणि दाराकडे वळले. तेवढ्यात आजीचा तो मोर्चातला आवाज आला.

‘ओ सायबानू! माका जरा कुशीर करा. हिका एकटीक जमना नाय.’

आया पुढे झाली, तिला आजीनं हातानंच थांबवलं. साहेब गोंधळले, पण आले. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. त्यांना धाप लागली. मग आजीनं मला चोळी वर करायला खुणावलं. डॉक्टरसमोरही संकोचानं डोळे मिटून घेणारी ही बाई! पाठीवर भरून आलेल्या जखमांचे मोठमोठे व्रण होते. साहेब बघत राहिले. मग त्यांनीच हलकेच तिच्या पाठीवर पदर ओढला.

‘आया राहू द्या,’ दारात ते मला हळूच म्हणाले. ‘वरती मी सांगतो.’

मी परत आले तर आजी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

‘लाज गेली गो माजी.’

मी तिचे डोळे पुसले. मलाही रडू आवरेना.

‘पण ती रवतली मा?’

‘राहणार, आजी.’

आजीनं मान माझ्याकडे वळवली.

‘मगे माका वायच पानी दी,’ ती म्हणाली.