आत्याचं खुराडं

आत्याला या घरात आम्ही काही कमी केलं नाही, असं तिची वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खरंच आहे. कमी करायला आधी काही द्यावं लागतं. नवरा गेल्यावर आत्या एका पिशवीनिशी थोरल्या भावाकडे आली आणि स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या खोलीत, जुन्या गाद्या आणि मोडका पंखा यांच्या शेजारी तिची सोय लागली. भावाच्या मुली तिला आत्या म्हणायच्या, मग शेजारी म्हणू लागले, मग ती ज्यांच्याकडे काम करायची ते शिंपीमास्तरही. तिचं खरं नाव विचारायची वेळ कोणावर आली नाही.

मास्तरांच्या दुकानात ती हाताने काजं करायची. भारी कोटाचं काज मास्तर मशीनला लावू देत नसत, ते आत्याच्याच बोटांतून जायचं. दिवसभर मान मोडायची, घरी येऊन स्वयंपाक करायचा. या दोन्हींच्या मधल्या वेळात तिच्या कोंबड्या होत्या. घरात माझं म्हणावं असं तेवढंच.

परसात, सुताराच्या कारखान्याच्या भिंतीला लागून, तिने कपाटाच्या जुन्या दारांचं खुराडं ठोकलं होतं. अंडी सगळं घर खायचं आणि नाकं मुरडून खायचं. "वास मारतं हो परस, वन्सं," वहिनी दुसरं अंडं सोलता सोलता म्हणायची.

कोंबड्या पाळणं म्हणजे नुसते दाणे फेकणं नव्हे. नवी कोंबडी आली की आत्या तिला पहिले काही दिवस खुराड्यातच कोंडायची, म्हणजे घर तिच्या अंगात मुरायचं. मग बाहेर सोडायची आणि दिवे लागायच्या वेळी डबा वाजवून आत हाकायची. अंधारात कोंबडीला दिसत नाही. कुत्रं, मांजर, मुंगूस, कोणीही यावं आणि उचलावं. म्हणून तिचा एकच धडा होता: उजेड उतरला की चोचीतलं टाकायचं, आत जायचं, दांडीवर बसायचं. पुढे पुढे डबाही लागेनासा व्हायचा. त्यांतली एक उघड्या मानेची होती, टकली. ती भावाच्या मुलींपेक्षा वेळेवर घरी येते, असं आत्या एकदा बोलून गेली आणि आठवडाभराचा अबोला पदरात पडला.

आग लागली तीही दिवेलागणीलाच. कारखान्यात पॉलिश चाललं होतं, कुठेतरी ठिणगी उडाली आणि भुसा भडकला. आत्या नुकतीच कामावरून आली होती. दादा, म्हणजे तिचा भाऊ, टीव्ही उचलून रस्त्यावर आला. वहिनी दागिन्यांचा डबा पोटाशी धरून त्याच्यामागे. मुलींनी गाद्या काढल्या, अर्थात आपापल्या.

"कोंबड्या राहिल्या," आत्या म्हणाली.

"मरू देत," दादा म्हणाला. "ती भिंत केव्हाही पडेल. तू इथे गुपचूप उभी राहा."

त्या घरात इतकी वर्षं ती गुपचूपच उभी होती. तिने पदर तोंडाला गुंडाळला आणि बाजूच्या बोळातून परसात शिरली. खुराड्याची कडी तापली होती, तळव्याची कातडी कडीलाच चिकटून राहिली. दोन्ही हातांत पाय धरून तिने कोंबड्या बाहेर आणल्या, बोळाच्या तोंडाशी घरच्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"वहिनी, एवढ्या धरून ठेवा," म्हणाली आणि वळली.

पुन्हा दोन आणल्या. धुरात काही दिसत नव्हतं, हाताला पिसं लागतील ती ओढायची. तिसऱ्या खेपेला हातात उघडी मान आली. आत्या तिथेच थबकली. टकलीला तर तिने पहिल्याच खेपेला बाहेर ठेवलं होतं. तेवढ्यात पायाला काहीतरी घासून गेलं. एक कोंबडी, घाई न करता, रोजच्या वाटेने खुराड्याकडे चालली होती.

आत्या धावत बोळाच्या तोंडाशी आली. "दादा, अरे धर ना यांना. नुसतं धर. परत आत जातायत त्या."

"माझे हात रिकामे आहेत का?" दादा म्हणाला. टीव्ही धुळीत ठेवायला त्याचा जीव होत नव्हता. वहिनीने डब्यावरचे हात काढले नाहीत. "साडी नवी आहे हो, वन्सं," ती म्हणाली.

आत्याने टकलीला तिथेच टाकलं आणि पुन्हा आत गेली. या वेळी कारखान्याचं छत खुराड्यावर खाली आलं. तिला सुताराच्या माणसांनी ओढून काढलं. घराला आगीची झळसुद्धा लागली नाही. टीव्ही जागच्या जागी गेला. कोंबड्या सगळ्या दांडीखाली सापडल्या, टकलीसुद्धा.

दवाखान्यात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधले होते. बोटं आता पूर्वीसारखी वळणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. वहिनी भेटायला आली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला रंगवून सांगू लागली. "बाहेर काढल्या तर पुन्हा आगीत! कोंबडीला कुठली आलीय अक्कल?"

तो धडा आपणच दिला होता, हे आत्याच्या ओठांवर आलं होतं. त्या खाटेवर पडून तिने आपल्या सख्ख्या भावाचा मनापासून द्वेष केला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

दुकानातली इस्त्रीवाली मात्र काम सुटलं की रोज यायची, चमच्याने भरवायची. "माझी एक खोली आहे. दोघी राहू," ती म्हणाली. "त्या घरात पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकणार," आत्या म्हणाली. ती मनापासून बोलली होती.

सोडलं त्या दिवशी कागदपत्रांतच संध्याकाळ झाली. इस्त्रीवाली खोलीवर वाट बघत होती. आत्या रिक्षात बसली. रस्त्यावरचे दिवे लागत होते. "कुठे जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं आणि तिच्या तोंडून पत्ता निघाला. सुताराची काळी पडलेली भिंत दिसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कुठला पत्ता सांगितला. रिक्षा वळवा म्हणायला एक शब्द पुरला असता. तिने तोंड उघडलं, पण तो शब्द काही आला नाही.

वहिनीने दार उघडलं. "आलात? मी म्हटलंच, दिवे लागले, आता येतीलच."

बांधलेले हात छातीशी धरून आत्या आत गेली आणि पंख्याशेजारी जाऊन बसली.